गुरुवारची काळी शाल

गुरुवारी सकाळी नाजिहा माझ्या खोलीत यायची ती काळी शाल खांद्यावर टाकून. तिचा बाप गेला तेव्हाची ती शाल, दाट लोकरीची. ती माझ्या अंथरुणावरून उशीपासून पायापर्यंत ओढायची, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि डोळे बारीक करून बघायची. शालीवर मिशमाशचा एक केस जरी दिसला, तर मिशमाश त्याच दिवशी घराबाहेर. असा आमचा करार होता. माझ्या मुलाने, शाकेरने, दोघींच्या मध्ये उभं राहून तो करून दिला आणि लगेच बंदरावर निघून गेला. घरात बायकांचं जुंपलं की पुरुषांना बंदरावरची कामं फार आठवतात.

मिशमाश म्हणजे जर्दाळू. बोका त्या रंगाचा होता. पाच वर्षांपूर्वी मासळीबाजाराच्या पायरीवरून मीच त्याला उचलून आणला, तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते. मग एका सकाळी कणीक मळताना परात हातातून सुटली आणि डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून डावा हात नुसता माझ्या शेजारी पडलेला असतो. उरला एक उजवा हात, एक उजवा पाय आणि जीभ. जिभेला काही झालं नाही. गल्लीत पुष्कळांना त्याचं वाईट वाटलं.

नाजिहा माझी सून. मला उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं तीच करायची, आणि नीट करायची. पण चादरी बदलताना तिचे डोळे सुजायचे, शिंकांवर शिंका यायच्या. नाटकं करते, असं मी खिडकीखालून जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायचे. नाटक नव्हतं, हे मला ठाऊक होतं. लग्नाला नऊ वर्षं होऊन तिचा पाळणा हलला नव्हता, आणि ते मी तिला एक दिवस विसरू दिलेलं नव्हतं. मग डोळ्यांचं दुखणं तरी मी कशाला मानू?

कराराच्या दिवशी, मी अंथरुणाला खिळल्याला दीड वर्ष झालं होतं तेव्हा, ती म्हणाली, "उम्मी, तुम्हाला बोका हवा ना? राहू दे. पण केस मी काढणार नाही. तुम्ही काढा."

"एका हाताने?"

"मग जिभेने काढा. ती चालते."

शाकेर हसला. त्या हसण्याचा मला एवढा राग आला की मी हो म्हणून बसले.

एका हाताने अंथरुणातले केस काढणं म्हणजे काय, ते दोन हातांच्या माणसाला कळायचं नाही. चादर झटकायची तर दोन टोकं धरावी लागतात. ब्रश फिरवावा तर दुसऱ्या हाताने कापड ताणावं लागतं. चिकटपट्टीचं टोक दातांत धरून ओढलं, तर ओठाची साल निघाली. पहिला महिनाभर मी चिमटीने एकेक केस वेचला. संध्याकाळी डोळे उघडे ठेवणं जड जायचं.

मग अक्कल आली. भांडी घासायचा रबरी हातमोजा मागवला. तो दातांनी ओढून उजव्या हातात चढवायचा, बोटं पाण्याच्या वाटीत बुडवायची, झटकायची आणि चादरीवरून हात आपल्याकडे ओढायचा. नेहमी आपल्याकडेच, मागेपुढे कधी नाही. केस आपोआप वळतात आणि त्यांची सुतळी होऊन हाताखाली येते. पोटापर्यंतचं काम असं सुटलं. पायाकडचं राहिलं. त्यासाठी मी चादरीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना लांब नाड्या शिवून घेतल्या, त्याही नाजिहाकडूनच, थंडी वाजली की ओढून घेईन असं सांगून. नाडी ओढली की कोळी जाळं ओढतो तशी चादर हात-हात माझ्याकडे यायची. एकेक पट्टा पोटावर घ्यायचा, पुसायचा आणि उजव्या पायाने परत खाली सारायचा. सकाळी सुरू केलं की दुपारच्या अजानपर्यंत चालायचं.

मिशमाश तोवर खिडकीच्या कट्ट्यावर बसून माझी मजा बघायचा. मी संपवलं की उतरून थेट माझ्या पोटावर वेटोळं करायचा. "हरामखोरा," मी म्हणायचे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. नाजिहाचे हात मला रोज लागायचे, पण ते कामाचे हात. दिवसभरात माझ्याजवळ आपण होऊन येणारं असं ते एकच जनावर होतं. त्याच्यासाठी मी तो सगळा उपद्व्याप करत होते, आणि पुन्हा केला असता.

घोंगडी मात्र ऐकेना. लोकरीत केस रुतून बसतो, तिथे हातमोजा हरतो. एकदा जेवताना पावाचा मऊ गर घोंगडीवर पडला. उचलायला बोट दाबलं, तर गराबरोबर चार केस उठून आले. मी आणखी थोडा गर काढला, पाण्याचं बोट लावून त्याची गोळी वळली आणि घोंगडीवर फिरवली. मागे वीतभर स्वच्छ पट्टा राहिला.

आता पावाचं सांगायला हवं. आमच्याकडे रस्त्यात पावाचा तुकडा दिसला तर माणूस तो उचलतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा उंच जागी ठेवतो. या बाबतीत अख्ख्या महदिया शहरात माझ्याएवढी कडक बाई नव्हती. माझं नाव फत्तूमा, लोक पावाची फत्तूमा म्हणायचे. नाजिहा नवी नवरी असताना तिच्या हातून एक तुकडा अंगणातल्या मोरीत पडला. तिची आई त्या दिवशी पाहुणी आली होती. मी आईच्या देखत नाजिहाला तो तुकडा मोरीतून काढायला लावला आणि ओठांना लावायला लावला. आई न जेवता निघून गेली. आणि आता तीच पावाची फत्तूमा पावाने बोक्याचे केस पुसत होती.

पुसलेल्या गोळ्या टाकायच्या कुठे? इथे माझं चुकलं. कचऱ्याचा डबा पलंगाशीच होता. त्यात टाकल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण हात धजेना. पाव कचऱ्यात जात नाही, हे माझ्या हाडीमाशी होतं. घाण पुसताना मन गप्प बसलं, टाकताना मात्र आडवं आलं. माझ्या खिडकीच्या गजाला शिळ्या पावाची पिशवी टांगलेली असायची, तशी ती गल्लीत घरोघर असते. दर सोमवारी गाढवगाडीवाला ती आपल्या जनावरांसाठी न्यायचा. मी प्रत्येक गोळीला वरून कोरा गर चोपडायचे, केस दिसू नयेत म्हणून, आणि हात लांब करून पिशवीत सोडायचे.

मोठ्या ईदला दोन महिने होते तेव्हा शाकेरने मेंढा आणला. पांढराशुभ्र, वळलेल्या शिंगांचा. तो गच्चीवर बांधला, माझ्या खोलीच्या बरोब्बर वर, आणि पिशवीतला पाव गाडीवाल्याऐवजी वर जाऊ लागला. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. मेंढा पुठ्ठासुद्धा खातो, चार केसांनी त्याचं काय होणार, असं मी मनाशी म्हटलं. रोज चार-पाच गोळ्या, दोन महिने.

ईदच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, वरून खुरांचा आवाज आला नाही. मग नाजिहाच्या चपलांचा आला, जिन्यातून खाली, पुन्हा वर. तिने शाकेरला बोलावणं पाठवलं. तो मोख्तार खाटकाला घेऊन धावत आला, पण मोख्तार जिन्यात असतानाच मेंढा गेला. सुरी लागायच्या आत मेला तो वायाच गेला, त्याचं मांस आम्हाला चालत नाही.

गच्चीवरचं बोलणं जिन्यातून थेट माझ्या खोलीत उतरतं. मी पडल्या पडल्या सगळं ऐकलं.

"पोट बघ, नगारा झालाय," मोख्तार म्हणाला. "पाव घालत होतीस का याला?"

"जव, चारा आणि थोडा पाव, मोख्तारकाका," नाजिहा म्हणाली.

"थोडा म्हणे. पाव फुगतो पोटात, पोरी. एवढं कळू नये?"

मग शाकेरचा आवाज चढला. त्या सकाळी गल्लीतली एकूणएक गच्ची माणसांनी भरलेली होती, जो तो आपापल्या मेंढ्यापाशी. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बायकोला म्हणाला, "पोटचं तर एक दिलं नाहीस. दावणीचं तरी दोन महिने जगवायचं होतंस."

कुठल्यातरी गच्चीवर एक बाई फिस्सकन हसली.

शाकेरचं ते वाक्य मुळात माझं होतं. नऊ वर्षं मी ते त्याच्या कानाशी घोळवत आले होते, त्या दिवशी ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिचा दोष नाही, एवढंच मी खालून ओरडायला हवं होतं, आणि जिभेला तर काही झालेलं नव्हतं. मी मिशमाशची मान खाजवत पडून राहिले.

शाकेर दुसरा मेंढा मिळतो का बघायला गेला. आदल्या दिवशी काय मिळणार? राहिलेले सगळे लंगडे नाहीतर काणे, आणि असले कुर्बानीला चालत नाहीत. मोख्तारही निघाला होता, पण नाजिहाने त्याला थांबवलं. "निदान कातडं तरी सोडवून द्या," ती म्हणाली. "उम्मींची गादी दबलीय, लोकर भरेन तिच्यात."

हे ती म्हणाली, आणि मी ऐकलं.

वर बराच वेळ सुरी चालली. मग मोख्तार म्हणाला, "पोट चिरून बघितलं तर हे निघालं, घे. उगाच तुला बोललो. पावाने नाही मेला, हा गोळा अडकला होता आत. मेंढे स्वतःला चाटतात, लोकर जाते पोटात. सांग तुझ्या नवऱ्याला." आणि तो धडाधड जिना उतरून गेला, त्याला उद्याची अजून चाळीस घरं ठरवायची होती.

नाजिहा माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या हातात लिंबाएवढा काळपट, ओला गोळा होता. तो तिने घोंगडीवर ठेवला, अगदी मी पुसलेल्या जागेवर.

"हे काय आहे, उम्मी?"

"मला काय विचारतेस? चारत तू होतीस."

"मेंढा पांढरा होता."

तिने नखाने गोळ्याचा वरचा थर सोलला. आतून जर्दाळूचा रंग निघाला. "पाच वर्षं झाडतेय मी हा रंग," ती म्हणाली. "आंधळी झाले तरी ओळखेन." मग तिने घरभर नजर फिरवावी तशी माझ्या खोलीवर नजर फिरवली. पलंग, वाटी, हातमोजा, खिडकी. खिडकीशी ती थांबली. पिशवी गजावरून काढून तिने माझ्या मांडीवर उलटी केली. शिळ्या तुकड्यांत त्या सकाळच्या तीन गोळ्या होत्या. एकेक तिने दोन बोटांत फोडली.

"पावाने?" ती म्हणाली. मेंढ्याचं काही बोलली नाही, बोक्याचंही नाही. "पावाने पुसत होतात?"

मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्याकडून तेवढंच वळतं.

"मोरीतला तुकडा आठवतो का?"

"जुन्या गोष्टी उकरू नकोस."

"मला त्याची चव आठवते," नाजिहा म्हणाली.

मी म्हटलं, "जा, दाखव शाकेरला. मोकळी हो एकदाची." ती तेच करणार असं मला वाटत होतं.

"दाखवून काय होईल? तासभर तुमच्यावर ओरडेल. मग इथे पायाशी बसून रडेल, तुमच्या कपाळाचा मुका घेईल, झालं. मला सगळ्या गल्लीसमोर जे बोलला ते थोडंच परत जाणार आहे त्याच्या पोटात? नाही उम्मी, एवढ्यावर नाही भागायचं माझं."

"मग काय हवं तुला?"

ती खिडकीच्या कट्ट्याकडे बघत होती. मिशमाश तिथे बसून पंजा चाटत होता. तिने त्याला मानगुटीला धरून उचललं. तो तिला ओळखत होता, नीट लोंबकळून राहिला.

"बोका घरातच राहील," ती म्हणाली. "करार मोडत नाही मी. वर मेंढ्याची जागा रिकामी आहे, दोरीही आहे. मेंढा खायचा तेच हा खाईल." तिने माझ्या मांडीवरच्या फुटक्या गोळ्यांकडे हनुवटी केली. "आणि त्याला खाली आण म्हणून शाकेरकडे एक शब्द जरी काढलात, तर हा गोळा आणि ही पिशवी मी गल्लीच्या मधोमध ठेवीन. या म्हणेन, बघा, पावाची फत्तूमा पावाने काय पुसते."

शिंकत शिंकत ती जिना चढली.

रविवारी ईद. सकाळपासून घराघरांतून धूर. मेंढ्यांची डोकी आणि पाय विस्तवावर भाजतात, त्या जळक्या केसांच्या वासाने गल्ली भरून जाते. आमच्या घरी ना डोकं ना पाय. दुपारपर्यंत शेजारणी थाळ्या घेऊन आल्या. कुर्बानीतला गरिबाचा वाटा काढतात ना, तो यंदा आमच्या दारात आला. शाकेर मान खाली घालून एकेक थाळी घेत होता. आणि वर मिशमाश ओरडत होता.

"बोका वर का ओरडतोय?" शाकेरने विचारलं.

नाजिहा माझ्या दारात उभी होती, एक हात झग्याच्या खिशात. "उम्मींनीच सांगितलं वर ठेवायला. केस काढून काढून हात भरून येतो म्हणाल्या."

"खरं का, यम्मा?"

तिचा खिशातला हात हलला.

"हो," मी म्हटलं.

"बरं केलंस. विसावा घे आता," शाकेर म्हणाला.

त्याच दुपारी जळक्या केसांचा वास अगदी जवळून आला, आमच्या अंगणातल्या शेगडीवरून आल्यासारखा. कुणा शेजारणीने भाजायला पाय दिला असेल म्हणून मी सोडून दिलं.

जूनचं ऊन. गच्चीवर सावली फक्त जिन्याच्या भिंतीची, तीही सकाळीच. मी खालून हाक मारली की तो दोरी ताणून धडपडायचा आणि जास्तच ओरडायचा, म्हणून मी हाक मारणं बंद केलं. सोमवारी त्याचा आवाज घोगरा झाला. नाजिहा मला पुसायला आली तेव्हा मी विचारलं, "पाणी तरी ठेवलंस का?"

"ठेवते. दोरीने सांडतो."

"सावलीला तरी बांध गं."

"मेंढा उन्हातच होता," ती म्हणाली आणि माझी पाठ कोरडी केली, हलक्या हाताने, रोजच्यासारखी.

त्या दिवशी मी पडल्या पडल्या एकच विचार केला. मी आपण होऊन कबूल केलं, तर तिच्याकडे उरतं काय? मुलगा ओरडेल. गल्ली थुंकेल. खिडकी लावून घेईन. बोका तर खाली येईल. नऊ वर्षांची माझी ऐट एका बोक्यासाठी सोडायला मला तीन दिवस लागले, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

मंगळवारी दुपारी शाकेर ताट घेऊन माझ्यापाशी जेवायला बसला. नाजिहा दारात.

"शाकेर, मेंढा मी मारला," मी म्हटलं.

"इथून? पलंगावरून?" तो हसला.

मी सगळं सांगितलं. घोंगडी, पाव, गोळ्या, वरून चोपडलेला कोरा गर, पिशवी. तो घास हातात धरून ऐकत राहिला. मग त्याने घास खाली ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. सुटले, असं मला वाटलं.

"यम्मा," तो म्हणाला, "तू? पावाने? लहानपणी माझा पाय पावावर पडला म्हणून मला दिवसभर उपाशी ठेवलं होतंस तू. रस्त्यातला तुकडा उचलायला तू लग्नाची वरात थांबवली होतीस." तो दाराकडे वळला. "ऐकलंस? तुला कुणी बोलू नये म्हणून ही बाई असलं पाप आपल्या अंगावर घेतेय. आणि तू? नऊ वर्षांत हिचं एक बरं बोलणं तरी लक्षात ठेवलंस का?"

नाजिहाने मान खाली घातली.

"अरे, खरं सांगतेय मी. तिच्याकडे गोळा आहे. मेंढ्याच्या पोटात निघालेला, बोक्याच्या केसांचा. खिशात बघ तिच्या."

"कसला गोळा?" नाजिहा म्हणाली. तिने खिसा बाहेर उलटा करून दाखवला. रिकामा होता.

तेव्हा मला ईदच्या दुपारचा तो वास आठवला. शनिवारी तिने धमकी दिली आणि रविवारीच गोळा शेगडीत घातला होता. निर्दोष ठरायचा तिच्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि तोच तिने जाळला. मला घाबरवायला नुसता खिशातला हात पुरला. खिडकीच्या गजावर पिशवी होती, धुतलेली, आत स्वच्छ तुकडे.

"मोख्तारला विचार," मी म्हटलं.

"मोख्तारच म्हणाला ना, पावाने फुगला म्हणून." शाकेरने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे तुला."

"बरं, नको मानूस. पण मिशमाशला खाली आण. एवढंच मागते."

"म्हणजे पुन्हा सकाळपासून दुपारपर्यंत केस वेचत बसायला? नाही यम्मा. चूक माझीच झाली, असला करार मी होऊ द्यायलाच नको होता. आजपासून तू एक केस काढायचा नाहीस. बोका वरच राहील." त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला. नाजिहाने सांगितलं होतं तस्साच.

मी ओरडले. शिव्या दिल्या, दोघांनाही. शाकेरने दार अलगद लोटून घेतलं आणि बाहेर तो हळू आवाजात तिला म्हणाला, डॉक्टरला सांगून झोपेचं औषध आणतो.

बुधवारी सकाळी वर नुसती दोरी घासल्याचा आवाज येत होता. दुपारच्या अजानच्या सुमारास काहीतरी घसरलं, दोरी कठड्यावर एकदा करकरली, आणि मग काही नाही. मी बराच वेळ कान देऊन पडले होते.

नाजिहा बाजारातून आली, वर गेली, खाली आली. गुंडाळलेली दोरी तिने माझ्या दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"कठड्यावरून उडी मारली," ती म्हणाली. "दोरी आखूड पडली."

"कुठे आहे तो?"

"मागच्या मोकळ्या जागेत पुरलं."

तिचे डोळे सुजलेले होते. केसांनी की कशाने, कोण जाणे.

ती गेल्यावर मी हातमोजा दातांनी ओढून चढवला. बोटं वाटीत बुडवली, झटकली. नाडी ओढली. चादर हात-हात माझ्याकडे आली. एकेक पट्टा पोटावर घेतला, पुसला, हातमोजा डोळ्यांशी नेऊन बघितला, पायाने खाली सारला. मला एक केस हवा होता. गादीच्या कडा बघितल्या. उशीची शिवण बघितली. मग घोंगडी. जेवणातला पाव राखला होता, त्याचा गर काढला, गोळी वळली आणि इंच-इंच फिरवली. दीड वर्ष मी जे शिकले होते ते सगळं लावलं. गोळी कोरी निघाली. ती मी खाल्ली, पाव टाकवत नाही.

गुरुवारी सकाळी नाजिहा आली, काळी शाल खांद्यावर टाकून. शाल तिने उशीपासून पायापर्यंत ओढली, सावकाश, आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मी मान उचलता येईल तेवढी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचे डोळे माझ्यापेक्षा तीक्ष्ण असावेत असं वाटलं.

तिने शाल या बाजूने बघितली, उलटून त्या बाजूने बघितली.

"एकही नाही, उम्मी," ती म्हणाली. "अल्ला तुमच्या हाताला बळ देवो."

मग तिने शालीची घडी घातली, मला कुशीवर वळवलं आणि पाठ पुसायला घेतली.